पेढीवरचा माणूस, संस्थेतला कार्यकर्ता : अशा आयुष्याचे चरित्र कसे लिहावे

सांगली, मिरज, तासगाव, सातारा, कराड या पट्ट्यात घरचा खाद्यव्यवसाय सांभाळता सांभाळता वाचनालय, शाळा, गणेशोत्सव मंडळ किंवा पूरग्रस्तांची मदत यांत आयुष्य घालवलेली माणसे गावोगावी आहेत. कोणाची हळदीची अडत असते, कोणाचा बेदाण्याचा व्यापार, कोणाचे भडंगाचे किंवा पेढ्यांचे दुकान, तर कोणाची बेकरी. अशा व्यक्तीचा अमृतमहोत्सव आला, दुकानाला पन्नास वर्षे झाली किंवा तिचे निधन होऊन वर्ष उलटले, की घरचे आणि संस्थेचे लोक एक छोटे चरित्र काढायचे ठरवतात आणि ते लिहिण्याचे काम बहुधा निवृत्त शिक्षकाच्या, ग्रंथपालाच्या किंवा कुटुंबातल्या लिहित्या पुतणीच्या गळ्यात पडते. हे मार्गदर्शन त्यांच्यासाठी आहे.

या प्रकारच्या पुस्तिकांचा साचा ठरून गेलेला आहे : पूर्वार्धात ‘यशस्वी उद्योजक’, उत्तरार्धात ‘निःस्वार्थ समाजसेवक’ आणि शेवटी मान्यवरांचे शुभसंदेश. हा साचा टाळावा, कारण त्यात नेमकी महत्त्वाची गोष्ट निसटते. दुकान आणि संस्था ही दोन स्वतंत्र आयुष्ये नव्हती. दोन्हींसाठी एकच गल्ला, दिवसाचे तेच तास आणि बाजारातली तीच पत वापरली गेली. संस्थेच्या सभेला हा गृहस्थ गेला तेव्हा दुकानात कोण बसले, वर्गणीचे पैसे कोणत्या खात्यातून गेले, दुकानाच्या नावामुळे संस्थेला उधार सिमेंट मिळाले का आणि संस्थेच्या पदामुळे दुकानाला गिऱ्हाईक मिळाले का, या प्रश्नांची उत्तरे शोधत गेल्यास चरित्र आपोआप आकार घेते.

आधी कागद

मुलाखतींना सुरुवात करण्यापूर्वी कागद गोळा करावेत. माणसे आठवणी सांगताना वर्षांची सरमिसळ करतात आणि एकदा चुकीचे वर्ष कानावर पडले की ते आपल्याही डोक्यात घर करते. माळ्यावर, दुकानाच्या पोटमाळ्यावर आणि देवघराजवळच्या कपाटात शोध घेतल्यास कीर्दी (रोजच्या जमाखर्चाच्या वह्या), खतावण्या (खातेवार हिशेबाच्या वह्या), बिलबुके, परवाने, भागीदारीची पत्रे, लग्नपत्रिका आणि संस्थांची पावतीपुस्तके सापडतात.

जुनी कीर्द उघडताना घाई करू नये. लाल कापडी बांधणीच्या लांबट वहीत रेघांऐवजी कागदाला घातलेले सळ असतात, वर ‘श्री’ लिहिलेले असते, डावीकडे जमा आणि उजवीकडे नावे, म्हणजे खर्च, असते आणि दिवसाची सुरुवात ‘श्री शिल्लक’ या आकड्याने होते. नावे बाजूला खवा, साखर, जळण, हमाली यांच्या रांगेतच ‘वाचनालय वर्गणी’, ‘उत्सव देणगी’, ‘विद्यार्थी फी’ अशी नोंद दिसली की थांबावे. तो आकडा, त्याच दिवसाची विक्री आणि त्याच दिवसाची शिल्लक हे तिन्ही टिपून घ्यावेत. शंभर रुपयांची देणगी सणाच्या भरभराटीत दिली की उन्हाळ्यातल्या मंदीत, हे त्या तीन आकड्यांवरून कळते. ‘उदार अंतःकरणाचे’ या विशेषणावरून ते कधीच कळत नाही. अडतीच्या पेढीचे कागद असतील तर शेतकऱ्याला दिलेल्या हिशेबपट्ट्यांवर हमाली, तोलाई, अडत यांच्या जोडीला ‘धर्मादाय’ असेही एक कलम आढळू शकते. व्यापाऱ्यांमध्ये पूर्वी रूढ असलेली ही बारीक कपात वेगळ्या खात्यावर जमा करून धर्मकार्याला आणि लोकोपयोगी कामांना लावली जात असे. पेढीने एखाद्या कामाला ‘दिलेली’ रक्कम मालकाच्या खिशातून गेली की या धर्मादाय खात्यातून, हे स्पष्ट लिहावे. दुसऱ्या प्रकारात श्रेय त्या शेतकऱ्यांचेही असते, आणि गौरविकांमध्ये त्यांचा उल्लेख जवळजवळ कधीच नसतो.

स्वातंत्र्यापूर्वीच्या वह्या मोडी लिपीत असण्याची शक्यता मोठी आहे. मोडी वाचणारे जाणकार आजही मिळतात. अंदाजाने वाचण्यापेक्षा त्यांना मोबदला देऊन चार महत्त्वाची पाने वाचून घ्यावीत. वह्यांचे वर्ष अनेकदा दिवाळी पाडव्याला सुरू होते. कार्तिक शुद्ध प्रतिपदेची तिथी शके १८७० ची असेल तर त्यात ७८ मिळवून इसवी सन १९४८ येतो आणि त्याच दिवशी सुरू होणारे विक्रम संवत २००५ असते, म्हणजे तिथे ५७ वजा करायचे. मात्र जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंतच्या तिथींना शकात ७९ मिळवावे लागतात, हे विसरल्यास सगळी कालरेषा एका वर्षाने सरकते. आयकरासाठी ३१ मार्च ही वर्षअखेर सर्वांना सक्तीची झाली ती १९८९ पासून, त्यामुळे त्याआधीच्या ‘वार्षिक उलाढाली’च्या आकड्यांची पुढच्या वर्षांशी सरळ तुलना करू नये.

तारीख नसलेल्या कागदाचा काळ ठरवणे हे या कामातले सर्वांत मनोरंजक अंग आहे. बिलावर ‘जि. दक्षिण सातारा’ असे छापलेले असेल तर तो कागद बहुधा १ ऑगस्ट १९४९ ते २१ नोव्हेंबर १९६० या काळातला, कारण आजच्या सांगली जिल्ह्याचे नाव तेव्हा तेच होते. ‘सांगली संस्थान’ असेल तर संस्थानाच्या १९४८ मधील विलीनीकरणापूर्वीचा. ‘न. पै.’ म्हणजे नवे पैसे दिसले तर १ एप्रिल १९५७ नंतरचा, शेर-छटाकांच्या जागी किलो आले असतील तर साधारण १९५८ ते १९६२ या संक्रमणाच्या काळातला किंवा नंतरचा, आणि पत्त्यात सहा आकडी पिन असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. अर्थात छापील बिलबुके संपेपर्यंत वापरण्याची व्यापाऱ्याची काटकसर लक्षात घ्यावी. जुना मजकूर खोडून शिक्का मारलेला असेल तर शिक्क्याचा काळ धरावा. बोलण्यातल्या ‘चार आण्यां’वर मात्र काहीही ठरवू नये, कारण पंचवीस पैशांना चार आणे म्हणणे पुढेही कितीतरी वर्षे चालू राहिले.

सरकारी दप्तरातूनही बरेच काही मिळते. भागीदारी पेढी १९३२ च्या कायद्याखाली नोंदलेली असल्यास निबंधकाकडील नोंदवही शुल्क भरून पाहता येते आणि कोणता भाऊ कधी आला, कधी बाहेर पडला, हे तारखेसह कळते. पेढीची पुढे खासगी कंपनी झाली असल्यास संचालकांचे तपशील कंपनी निबंधकाकडे असतात. संस्थेच्या बाबतीत सार्वजनिक न्यास नोंदणी कार्यालयातील परिशिष्टाचा उतारा आणि विश्वस्त बदलताना दाखल झालेले बदल अर्ज पाहावेत. ‘तीस वर्षे अध्यक्ष’ असे भाषणांत सांगितले जाते, आणि उतारा पाहिल्यावर त्यातली काही वर्षे उपाध्यक्षपदाची निघतात. परवान्यांचेही असेच : जुने परवाने १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखालचे, तर ५ ऑगस्ट २०११ नंतरचे नव्या अन्नसुरक्षा कायद्याखालचे असतात. नमुना तपासणीत कधी नापास झाल्याचा कागद सापडला, तर तो लपवू नये. काय निष्पन्न झाले आणि त्यानंतर कामाची पद्धत कशी बदलली, हे चार ओळींत सांगावे.

मग माणसे

पहिली मुलाखत घरच्यांची किंवा मान्यवरांची न घेता भट्टीवरच्या, गोदामातल्या किंवा काउंटरवरच्या जुन्या माणसाची घ्यावी, आणि ती शक्यतो कामाच्या जागी घ्यावी. ‘मालक कसे होते?’ असा प्रश्न विचारला की ‘देवमाणूस होते’ एवढेच उत्तर येते. त्याऐवजी काम कसे चालत असे ते विचारावे. खवा किती रंगावर आला की कढई उतरवायची आणि ते कोण ठरवत असे, भडंगाचे चुरमुरे कोठून येत आणि लसणाची फोडणी कोण करत असे, बेदाण्याची प्रतवारी करायला किती बायका बसत आणि त्यांचा हिशेब कोण ठेवत असे, हे सांगताना माणूस मोकळा होतो आणि बोलता बोलता मालकाचा स्वभाव सांगून जातो. कांदी पेढ्याचा खवा खरपूस भाजला जातो तेव्हा कढईपासून हलता येत नाही. अशा वेळी संस्थेचे लोक सभेचे बोलावणे घेऊन आले तर काय होत असे, असे विचारून पाहावे.

हळदीच्या व्यापारातल्या कुटुंबाकडे सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांविषयी अवश्य विचारावे. जमिनीखालच्या या कोठारांत हळकुंडे वर्षानुवर्षे बंद ठेवली जात आणि पेव उघडल्यावर आत साचलेला दूषित वायू निघून गेल्याखेरीज माणूस खाली उतरत नसे. २००५ च्या महापुरात पाणी शिरून यांतली अनेक पेवे निकामी झाली. ज्या व्यापाऱ्याचा माल त्या पाण्यात गेला तोच त्या आठवड्यात मदत छावणीत राबत होता का, आणि असल्यास घरात त्यावर काय बोलणे झाले, हे विचारण्याचे धाडस करावे. चरित्रातली सर्वांत खरी पाने अशा ठिकाणी मिळतात.

पुरांच्या आठवणी मात्र फार जपून घ्याव्यात. २००५, ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ हे तिन्ही पूर लोकांच्या बोलण्यात एकमेकांत मिसळतात. चेहऱ्यावर मास्क होते का, असे विचारले की २०२१ वेगळा निघतो; मदतीचे निरोप मोबाइलवरच्या गटांतून फिरत होते का, असे विचारले की २००५ वेगळा होतो. सांगलीत कृष्णेची पातळी आयर्विन पुलाजवळ मोजली जाते, ४० फुटांवर इशारा पातळी आणि ४५ फुटांवर धोका पातळी मानली जाते, तर २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते. ‘पाणी दुकानाच्या कोणत्या पायरीला लागले?’ हा प्रश्न म्हणूनच उपयोगी पडतो. सांगलीकराला पायरी आणि फूट यांचे गणित पाठ असते. त्याहून जुन्या काळासाठी ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप आणि १९७२ चा दुष्काळ या खुणा वापराव्यात.

घरातल्या स्त्रियांची मुलाखत स्वतंत्रपणे, पुरुष समोर नसताना घ्यावी. कीर्दीत त्यांच्या कामाला पगार लावलेला नसतो, त्यामुळे कागदांवर विसंबून राहिल्यास त्या चरित्रातून पुसल्या जातात. कार्यकर्ता नवरा संध्याकाळी सहाला सभेला गेला की गल्ल्यावर कोण बसे, छावणीसाठी रात्रीतून पोळ्या करायच्या ठरल्या तेव्हा कणीक कोणी मळली, जमाखर्चाची टाचणे कोणी ठेवली, या प्रश्नांतून दुकान प्रत्यक्षात कोण चालवत होते ते बऱ्याचदा उघड होते. माझ्या मते, समाजकार्याला वाहून घेतलेल्या व्यापाऱ्याच्या चरित्रात त्याची पत्नी किंवा धाकटा भाऊ यांच्यावर एक स्वतंत्र प्रकरण नसेल, तर ते चरित्र अपुरे आहे. चरित्र एखाद्या स्त्रीचे असेल, पापड-लोणच्याचा धंदा उभा करून महिला मंडळ चालवणाऱ्या काकूंचे, तर हेच प्रश्न उलट दिशेने विचारावेत : घर कोणी सांभाळले, आणि धंदा कागदावर कोणाच्या नावे होता?

पद आणि काम

नव्या पिढीच्या नावामागे कार्यकारी संचालक, विपणन प्रमुख अशी पदे लागतात. पद लिहून थांबू नये. घरच्या धंद्यात कामाची वाटणी पदांवर होत नाही. खरेदी एकाकडे, भट्टी दुसऱ्याकडे, उधारी-वसुली तिसऱ्याकडे असते, आणि चरित्रनायकाने आयुष्यभर यांपैकी काय केले ते शोधावे. भिलवडीला १९३९ मध्ये भास्कर गणेश चितळे यांनी सुरू केलेल्या दुग्धव्यवसायाचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे : दूध भिलवडीला, दुकाने पुण्यात आणि कामे भावाभावांत वाटलेली. लहान पेढीतही हेच घडते, फक्त त्याची नोंद होत नाही. बाजारातली जाण कशात होती तेही नेमके लिहावे. हळकुंड मोडून आतला रंग पाहणे, बेदाण्याचा हिरवेपणा टिकला आहे की नाही हे ओळखणे, तेल कधी बदलायचे ते ठरवणे या गोष्टींना कौशल्य म्हणतात आणि त्या वर्णन करता येतात.

सामूहिक कामाचे श्रेय एकट्याच्या पदरात टाकण्याचा मोह या पुस्तिकांत फार असतो. उदाहरणार्थ, सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. असे मानांकन एका व्यक्तीला मिळत नाही, तर त्या प्रदेशातल्या उत्पादकांच्या वतीने अर्ज करणाऱ्या संस्थेच्या नावे त्याची नोंद होते. चरित्रनायक त्या धडपडीत होता असे सांगितले गेले, तर तो बैठकींना हजर होता, कागदपत्रे जमवत होता की केवळ पाठिंबा देत होता, हे इतिवृत्तातून पाहावे आणि तेवढेच लिहावे.

दुकान आणि संस्था यांच्यात देवघेव झाली असेल, तर तीही मांडावी. संस्थेच्या कार्यक्रमाचा नाश्ता अध्यक्षांच्याच दुकानातून येत असे का, त्याचे बिल लावले जात असे का आणि लावले असल्यास त्या ठरावाच्या वेळी ते सभेतून उठून गेले का, हे प्रश्न कुटुंबाला बोचू शकतात. पण इतिवृत्ताच्या वहीत ‘अध्यक्षांनी या विषयापुरते सभापतिपद सोडले’ असे एखादे वाक्य सापडले, तर दहा मानपत्रांपेक्षा त्याची किंमत जास्त आहे. चरित्रनायक नगरसेवक राहिला असेल तर पालिकेच्या कंत्राटाचा प्रश्न अधिकच गंभीर होतो, कारण अशा कंत्राटातला हितसंबंध कायद्याने अपात्रतेपर्यंत नेऊ शकतो. तेव्हा दुकानाने पालिकेला काही पुरवले होते का, हे तारखांसह तपासून मगच लिहावे.

लिहिताना

मजकूर जन्मापासून सुरू करण्याची गरज नाही. दुकान आणि संस्था दोन्ही दिसतील असा एक दिवस निवडून तो सविस्तर लिहावा आणि मग मागे जावे. भाषेचा फरक कळावा म्हणून एक वाक्य घेऊ : ‘दादांनी आपला व्यवसाय सांभाळून वाचनालयाची तन-मन-धनाने सेवा केली.’ यात असत्य काही नाही, आणि कळण्यासारखेही काही नाही. आता नमुन्यासाठी रचलेला हा मजकूर पाहावा : ‘वाचनालयाची सभा दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी असे. शनिवार हा बाजाराचा दिवस, म्हणून दुकानात सर्वाधिक गर्दी. दादा संध्याकाळी सातला दुकानातून उठत, गल्ल्याची किल्ली वहिनींकडे देत आणि जाताना पावशेर भडंग कागदात बांधून घेत. ते सभेत वाटले जाई आणि सोमवारी त्यांच्या स्वतःच्या खात्यावर नावे पडे.’ यात गौरवाचे एकही विशेषण नाही, तरी माणूस, त्याची बायको, त्याचा धंदा आणि त्याचा हिशेबीपणा समोर येतो. असे तपशील मिळाले नाहीत तर बनवू नयेत. पुन्हा विचारायला जावे.

वाटणी आणि भांडणे यांविषयी एक मध्यम मार्ग आहे. वाटणीपत्राची तारीख, कोणाकडे कोणते दुकान गेले आणि त्यानंतर धंद्यात काय बदल झाला, एवढे तटस्थपणे लिहावे. कोणाची चूक होती याचा निवाडा चरित्रकाराने करू नये. बहिणींना काय मिळाले, हा प्रश्न टाळू नये. उत्तर ‘हक्कसोड लिहून दिले’ असे असेल तर तसे लिहावे.

उधारीची खतावणी वाचताना हात आखडता घ्यावा. दुष्काळात कोणाला किती महिने धान्य किंवा माल उधार दिला आणि कोणाचे खाते न वसूल करताच मिटवले, हे वाचून कोणाचेही मन हलेल. पण त्या गिऱ्हाइकांची नातवंडे त्याच गल्लीत राहतात. नावे पूर्णपणे गाळावीत आणि केवळ रक्कम, वर्ष, खात्यांची संख्या द्यावी. ज्याने देणगी देताना नाव न छापण्याची अट घातली होती, त्याचे नाव त्याच्या मृत्यूनंतरही छापू नये.

तपासणी आणि छपाई

मजकूर तयार झाला की त्यातली प्रत्येक तारीख, पद आणि रक्कम वेगळ्या वहीत काढून तिच्यासमोर आधार लिहावा : कीर्द, इतिवृत्त, वर्तमानपत्र की केवळ आठवण. केवळ आठवणीवर उभी असलेली गोष्ट ‘असे कुटुंबीय सांगतात’ म्हणून द्यावी. वर्तमानपत्रांच्या जुन्या फायलींसाठी एकाच वाचनालयावर अवलंबून राहू नये. २०१९ च्या पुरात सांगली नगर वाचनालयाच्या जुन्या संग्रहाचे मोठे नुकसान झाले, त्यामुळे कोल्हापूर आणि पुण्याच्या वर्तमानपत्रांच्या कार्यालयांतही चौकशी करावी लागते.

कच्चा मजकूर कुटुंबाला आणि संस्थेला वेगवेगळा दाखवावा, एकत्र बसवून नव्हे. दुरुस्त्या लेखी मागाव्यात आणि तथ्यांच्या दुरुस्त्या तेवढ्या स्वीकाराव्यात. ‘हे काढून टाका’ असे आले तर कारण विचारावे. कारण जिवंत व्यक्तीच्या खासगीपणाचे असेल तर काढावे, प्रतिष्ठेचे असेल तर चर्चा करावी. शुभसंदेश छापलेच पाहिजेत असा आग्रह झाला, तर ते शेवटच्या आठ पानांत एकत्र बसवावेत. जाहिराती घेतल्यास त्यांचा हिशेब संस्थेच्या पावतीपुस्तकावर ठेवावा, आणि पुस्तिकेचा खर्च दुकानाने केला की संस्थेने, हे श्रेयपानावर छापावे.

पुस्तिकेच्या दोन प्रती जिल्ह्यातल्या वाचनालयांना आणि एक संस्थेच्या दप्तराला द्यावी. ज्या कीर्दी आणि इतिवृत्ते वापरली त्यांची पाने छायांकित करून घ्यावीत, प्रत्येक छायाचित्राला वहीचे वर्ष आणि पान क्रमांक द्यावा, आणि मूळ वह्या कुटुंबाला परत करताना त्या तळमजल्यावर ठेवू नयेत असे स्पष्ट सांगावे.